तीनशे मीटर खोलचं हृदय

माशांच्या लिलावाची शेड सकाळी नऊला रिकामी झाली की तिथे दुसरा बाजार भरायचा. पहिल्या बाजारात निदान मासा हातात घेऊन, कल्ले उघडून बघायची मुभा असे. दुसऱ्यात बघायचं नाही, विचारायचं नाही, नुसता आ वासायचा. त्या दिवशीही साठ-सत्तर माणसं आ वासून उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एका लाल माशावर खिळले होते.

मासा होताच तसा विचित्र. बुबुळं खोबणीतून बाहेर आलेली, अंग टम्म फुगलेलं, आणि तोंडातून मुठीएवढा गुलाबी, ओला मांसाचा गोळा बाहेर लोंबणारा. ओल्या फडक्यात गुंडाळलेला हा मासा डाव्या हातावर घेऊन जो इसम उभा होता त्याला लोक 'खोलवाले' म्हणत, कारण दर चार वाक्यांत एकदा 'खोल' म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"तीनशे मीटर खोल!" तो गरजला. "सूर्य पोचत नाही तिथला हा जीव. वर येताना तुमची दुःखं बघतो आणि कळवळतो. इतका कळवळतो, की हृदय तोंडात येतं! कुणासाठी? तुमच्यासाठी, बाळांनो!"

त्याने उजव्या हाताने समोरच्या आजोबांचं मनगट धरलं, डोळे मिटले. आणि मेलेल्या माशाच्या तोंडातला गोळा धडधडू लागला, आजोबांच्या नाडीबरोबर, ठोक्याला ठोका! गर्दीने श्वास रोखला. आजोबांना रडू फुटलं. मग गोळा कापून त्यांना कच्चाच गिळायला दिला. असे एकवीस दिवस, एकवीस गोळे. अट एकच, डॉक्टरांचं औषध बंद. "औषध आणि हृदय एका छातीत नांदत नाहीत," असं खोलवाले बजावत, आणि चांगली शिकलीसवरली माणसं माना डोलावत.

रांगेत पुढचा नंबर सुरीवालीच्या नवऱ्याचा होता.

सुरीवाली म्हणजे शेडच्या टोकाला गेली सव्वीस वर्षं मासे साफ करणारी बाई. नवरा खोल पाण्यातल्या बोटीवर दोऱ्या ओढायचा. दोन वर्षांपूर्वी छातीत कळ आली आणि नोकरी सुटली. गोळ्यांवर गडी ठीक चालला होता. त्या त्याने कचऱ्यात टाकल्या त्याला आज अकरावा दिवस. आता पाय इतके सुजले होते, की चपलेत जात नव्हते. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून खुर्चीत बसून झोपायचा. औषध सोडलंत तर हृदय थकून जाईल, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. तिने रागावून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी आज ती ओल्या एप्रनवरच, सुरी कमरेला तशीच ठेवून आली. तिला राग आला होता, आणि रागाहून जास्त भीती वाटत होती.

"महाराज," ती पुढे होत म्हणाली, "आधी माझी नाडी बघा."

"ये माउली." त्याने टोपलीतला दुसरा मासा फडक्यात घेतला आणि तिचं मनगट धरलं. गोळा धडधडला.

"वा! आता मासा तेवढा या टेबलावर ठेवा. माझा हात सोडू नका हं."

खोलवाल्यांचा चेहरा आंबट झाला. "प्रवाह तुटतो, बाई. या खोल गोष्टी आहेत."

"तीनशे मीटरवरून ज्याला माझं दुःख दिसलं, त्याला इथून हातभरावरून दिसणार नाही?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. "ठेवा की हो," मागून एक म्हातारी म्हणाली, "आम्हालाही नीट दिसेल." आता न ठेवून करतो काय! मासा टेबलावर आला. गोळा ढिम्म. लोक मोजत राहिले, तरी ढिम्म.

"हिच्या अविश्वासाने थांबलं ते!"

"नाही हो, तुमच्या अंगठ्याने थांबलं," सुरीवाली म्हणाली. तिने फडकं उलगडलं आणि माशाच्या फुगलेल्या पोटावर बोट दाबलं. गोळा फुगला. बोट सोडलं, बसला. "एका हाताने नाडी मोजायची, दुसऱ्या हाताने फडक्याखाली पोट दाबायचं. लहान मुलांची पिपाणी वाजते तसं."

मग तिने सुरी काढली आणि गळ्याखाली एक काप दिला. कल्ल्यांच्या मागे, असावं तिथेच, शेंगदाण्याएवढं लालभडक हृदय होतं. ते तिने तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवलं.

"मग तोंडात काय आहे?" म्हातारीने विचारलं.

"दुसरं हृदय!" खोलवाले अजून हार मानायला तयार नव्हते. "खोल पाण्यातल्या माशाला दोन असतात. एक स्वतःसाठी, एक परोपकारासाठी!"

सुरीवालीने परोपकारी हृदय चिरलं आणि आतली घडी उलटवली. टेबलावर अर्धवट पचलेली कोळंबी पडली.

"हे हृदय जेवूनखाऊन आलेलं दिसतंय," ती म्हणाली.

शेड खदखदून हसली. ती मात्र हसली नाही. ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही सांगा. बोटीवर हे असे किती कापलेत?"

तो मान खाली घालून उभा होता.

"हजारो," तो अखेर पुटपुटला, आणि मग मोठ्याने बोलू लागला. "जठर आहे ते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. खाली पाण्याचा दाब असतो म्हणून ती लहान राहते. आम्ही झटक्यात वर ओढतो, दाब जातो, पिशवी फुगते आणि जठराला तोंडातून बाहेर ढकलते. डोळेही त्यानेच बाहेर येतात. बाजारात बरं दिसत नाही म्हणून बोटीवरच कापून पक्ष्यांना टाकतो. या खोलवाल्यांना न कापलेले हवे असतात."

"तुम्हाला ठाऊक होतं?" सुरीवालीचा आवाज चिरकला. "पहिल्या दिवसापासून?"

"होतं गं. पण डॉक्टर म्हणाले, गोळ्या जन्मभर. हा म्हणाला, एकवीस दिवस. मला वाटलं, असेलही काहीतरी. घाबरलो होतो मी."

"अहो, जन्मभर घ्या म्हणाले, म्हणजे पुढे जन्म आहे म्हणूनच ना!"

खोलवाले मात्र अजूनही उत्तरं देत देत, फडकं आणि पैशांचा डबा उचलून मागच्या दाराने निघाले होते. दोन बायका त्यांना थांबवायला धावल्या. आपले उरलेले नऊ दिवस बुडाले म्हणून, फसलो म्हणून नव्हे! अशा माणसांपुढे हात टेकावेत, दुसरं काय.

सुरीवालीने हात धुतले आणि गर्दीकडे पाहिलं. "घाबरलात म्हणून तुम्हाला कुणी हसणार नाही. दुखणं आहे, भीती वाटणारच. पण भीती वाटली की डॉक्टरांना विचारा, दहादा विचारा, पटेपर्यंत भांडा. जो माणूस विचारू देत नाही, हात लावू देत नाही आणि चालू औषध बंद करायला लावतो, त्याच्यापासून लांब राहा. तो मासा तुमच्या डोळ्यांसमोरच होता. कुणीतरी फडकं उचलून बघायला हवं होतं. मी निघालेय यांना घेऊन इस्पितळात. ज्यांनी गोळ्या सोडल्यात त्यांनी चला."

तिने नवऱ्याचा दंड धरला आणि चालू लागली. दारापर्यंत मागे कुणाची चाहूल नव्हती. मग ते रडलेले आजोबा काठी टेकत निघाले, त्यांच्यामागे म्हातारी, आणि रस्त्यावर पोचेपर्यंत अकरा माणसं झाली.