गुरूचा हरवलेला चंद्र

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर सोहमला अग्नी द्यायची सगळी तयारी झाली होती. फक्त सोहम तेवढा नव्हता. आठ वर्षांपूर्वी तो मासेमारीला गेला, वादळात होडी उलटली, बाकीचे तिघे पोहत आले आणि ह्याचा मागमूस लागला नाही. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून जाळायचा, असं शास्त्र सांगतं. शास्त्राला काय, त्याच्याकडे सगळ्यावर तोडगा असतो. सोहमची आई गुणवंती मात्र आठ वर्षं त्या पुतळ्याला आडवी आली होती. "माजा पोर जिता हाय," हे तिचं एकच पालुपद.

शेवटी ती नमली ती सुनेसाठी. राजश्री जेमतेम तिशीची. केळशीचा एक भला विधुर तिला मागणी घालून दोन वर्षं थांबला होता. पुतळा जळल्याशिवाय राजश्री हो म्हणेना आणि गुणवंती तो जाळू देईना. पोरीचं आयुष्य आपण नासवतोय हे म्हातारीला कळत होतं आणि ते तिला आतून खात होतं. गुणवंतीची लेक, सोहमची बहीण सलोनी, पुण्यात दुर्बिणीच्या फोटोंवर संशोधन करायची. तिला आजचं कळवलंच नव्हतं. ती येऊन रडली असती तर गुणवंतीचा धीर सुटला असता.

सोहमचा बाप मोरू पेटती चूड घेऊन पुढे झाला, तेवढ्यात गुणवंतीचा फोन वाजला. सलोनी होती.

"आये, गावला गो, गावला! इतक्या वर्षांनी गावला! सगळ्यांनी आशा सोडलेली, पण मी..." रेंज गेली.

गुणवंतीने नवऱ्याच्या हातातली चूड हिसकावून वाळूत खुपसली. "माजा सोहम गावला! सलोनीला गावला!" ती पुतळ्यावर तुटून पडली, दर्भाच्या काड्या उपटून चहूकडे फेकू लागली. भटजी घाबरून मागे सरकले. राजश्री आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. लग्नाच्या वर्षानंतर गुणवंतीने तिला असं हसताना पाहिलंच नव्हतं.

फोन पुन्हा लागला.

"कुठं हाय तो? बरा हाय ना?"

"कोण बरा?" सलोनी म्हणाली. "अगो आये, गुरूचा चंद्र! गुरू केवढा मोठा ग्रह, त्याच्याभोवती फिरणारा हा कोसभर दगड. वेडावाकडा, आणि बाकीच्या मोठ्या चंद्रांच्या उलट फिरणारा. एकदा दिसला नि हरवला. चौदा वर्षं लोक जुने फोटो चाळून..." ती थांबली. "आये, तुला कोण वाटला?"

गुणवंतीच्या पायाखालची वाळू सरकली. "दगडाला चौदा वर्षां शोधलात?" ती म्हणाली. "माज्या सोहमला चार दिवस शोधून बोटी परत गेल्या गो." पलीकडून नुसता हुंदका आला. गुणवंतीने फोन बंद केला.

आता सुनेला सांगणं आलं. क्षणभर तिला वाटलं, नकोच सांगायला, हसू दे बिचारीला. पण तसं केलं असतं तर ती सासू नव्हे, वैरीण ठरली असती.

"राजश्री, तो नाय गावला. आकाशातला कसला तरी दगड गावला. माजा चुकला." आणि आठ वर्षं जिभेवर येऊ न दिलेला शब्द तिने उच्चारला. "सोहम मेला गो. बुडून मेला."

मोरूने तोंड फिरवलं. गुणवंती रडत रडत वाकली, वाळूतल्या काड्या वेचू लागली. "पुन्ना बांदा," ती भटजींना म्हणाली.

राजश्रीने तिचा हात धरला. "ऱ्हावदे, आई."

"अगो, केळशीचा मानूस थांबलाय तुज्यासाठी."

"त्याला नको म्हणून कळवा."

"खुळी झालीस काय?"

"येवढ्या आभाळात कोसभर दगड गावतो," राजश्री म्हणाली, "मग मानूस का नाय गावनार?"

सुनेला समजवायला गुणवंतीकडे एक शब्द नव्हता. आठ वर्षं लोक तिला समजावत होते, तेव्हा तिने त्यातलं काहीच ऐकून घेतलं नव्हतं.