भिंतीकडे तोंड

पाचवी तार खुंटीवरून सुटली ती सपकन त्याच्या मनगटावर बसली. धाकट्याने मनगट चोळलं, तार गुंडाळून बाजूला ठेवली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरलेली, चादरीवर आडवी पडलेली त्याची बेस गिटार, आणि संध्याकाळी कार्यक्रम. चांगली चालती वस्तू नेमकी आजच उघडून बसायची काय गरज होती, असं बायकोने सकाळपासून दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सगळे त्याला धाकटाच म्हणत. पन्नाशी उलटली, केस मागे हटत हटत टाळूपर्यंत पोचले, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्याच्या हाताखाली शिकलेले लोक साहेब झाले, तरी हा धाकटाच. थोरला भाऊ गात होता तोवर त्या नावातून सुटका नव्हती. दादा गायचा, धाकटा बेस वाजवायचा, साथीला एक कीबोर्डवाला आणि ड्रमवर बारक्या, जो दारातून तिरका होऊन आत यायचा. लोकांच्या लग्नांत, वाढदिवसांत, निरोपसमारंभांत हे चौघे तरुणपणापासून वाजवत आले होते. आजचा कार्यक्रम शेवटचा. सोमवारी दादाच्या घशाचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर बोलणं जमलं तरी गाणं जमणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आता धाकट्याची एक खोड सांगायला हवी. तो स्टेजवर कायम भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. गिटारीत तारांखाली दोन काळ्या डब्या बसवलेल्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. तारांची थरथर पकडायची आणि वायरीतून स्पीकरकडे धाडायची, एवढंच त्यांचं काम. त्याच्या जुन्या पिकअपना मात्र तारांखेरीज नको ते सगळं ऐकू यायचं: ट्यूबलाइट, पंखे, भिंतीतल्या वायरी. या सगळ्यांची मिळून स्पीकरमधून एक गुरगुर निघायची. गिटार घेऊन जागच्या जागी वळत गेलं की एका ठरावीक कोनात ती थांबायची, आणि तो कोन बहुतेक वेळा भिंतीकडे नाहीतर पडद्याकडे लागायचा. ह्याचं लग्न भिंतीशीच लावून द्यायला हवं होतं, असं बारक्या म्हणायचा.

हे झालं सुरुवातीचं. पुढे एका समारंभात वादकांची ओळख करून देताना दादा माइकवर म्हणाला, "हा माझा धाकटा भाऊ. हा बेस वाजवतो. तुम्हाला ऐकू येत नाही, पण वाजवतो." हॉल हसला, दादाही हसला. धाकट्याच्या मात्र ते जिव्हारी लागलं. भांडला असता तर तिथल्या तिथे मिटलं असतं. हा पठ्ठ्या भांडला नाही, त्याने अबोला धरला. कामापुरतं बोलायचं, वर एक शब्द नाही. आणि तेव्हापासून गुरगुर असो नसो, कोन लागो न लागो, तो भिंतीकडेच वळायला लागला. कुणी विचारलंच तर कारण तयार होतं, आणि ते कारण वर्षानुवर्षं पुरलं.

वहिनीने ऑपरेशनचं कळवलं त्या दिवशी त्याला ते कारण नकोसं झालं. आपण इतकी वर्षं एका मशिनीच्या आड लपून रुसत आलो, हे त्याचं त्यालाच दिसलं. शेवटच्या कार्यक्रमाला तरी दादाकडे तोंड करून उभं राहायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं. गुरगुर न करणारे पिकअप मिळतात हे त्याला कधीपासून ठाऊक होतं. त्याने ते मागवले, आणि पार्सल आलं ते काल.

जुने पिकअप सुखासुखी निघाले. नवे बसेनात. लाकडातल्या खाचेपेक्षा ते जेमतेम केसभर मोठे निघाले, पण केसभरही मोठं ते मोठंच. त्याने पटाशी काढली आणि खाचेच्या कडा बेतानेच तासायला घेतल्या. बायको "मी आपली सांगायचं काम केलं," असं पुटपुटत बॅटरी धरून उभी राहिली. तासून झालं, कानस फिरवून झाली, तेव्हा कुठे डब्या जागेवर बसल्या. मग त्याने वरून दोरा ताणून पाहिलं. जाड पाचवी तार पिकअपच्या बाहेर गेली असती तर तिचा आवाजच निघाला नसता. ती आत होती. वायरी सोल्डर केल्या, तारा चढवल्या, सूर लावले आणि गिटार स्पीकरला जोडली.

गुरगुर. पहिल्यापेक्षा मोठी.

तो वळून पाहू लागला, अगदी गोल फिरला. गुरगुर जाईना. आणि तेव्हा, खरं सांगायचं तर, त्याला क्षणभर हायसं वाटलं. चला, आता भिंतीकडे वळायला हरकत नाही. पुढच्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली की कान तापले.

"राहू द्या ना आता," बायको म्हणाली. "आजही तसंच उभं राहून वाजवा. मोठे भाऊजी काय म्हणणार आहेत?"

"काही नाही म्हणणार. म्हणूनच."

तिने पुन्हा बॅटरी उचलली.

त्याने तारांना हात लावून पाहिला, काही फरक पडला नाही. वायर उपसायला गेला आणि पिनच्या लोखंडी कडीला बोट लागलं, तशी गुरगुर एकदम बंद. बोट काढलं की पुन्हा सुरू. धाकट्याने कपाळावर हात मारला. तारा ज्या लोखंडी पट्टीला अडकवतात तिच्याखाली अर्थिंगची बारीक वायर येते. पटाशी चालवताना ती तुटून लाकडाच्या भोकात गेली होती. कंपनीत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी अर्थिंगवरून पिडणारा माणूस घरी स्वतःच अर्थिंग विसरला होता. बायको हसली, मग त्यालाही हसू आलं. त्याने तारा उतरवल्या, पट्टी उचकटली, नवी वायर ओवून पट्टीखाली दाबली, दुसरं टोक सोल्डर केलं आणि सगळं पुन्हा चढवलं. या वेळी स्पीकरमधून काहीच आलं नाही. इतकं काहीच नाही, की गिटार चालू आहे की बंद, हे बघायला त्याला तार छेडावी लागली.

हॉलवर दादा आधीच येऊन बसला होता. गळ्याला मफलर, हातात कोमट पाण्याची बाटली. धाकटा आपल्या जागेवर गेला आणि दादाकडे तोंड करून उभा राहिला. इतक्या वर्षांच्या सवयीने पाय आपोआप वळत होते, ते त्याने रोखून धरले.

दादाने बाटली खाली ठेवली. "आज इकडे तोंड?" त्याचा आवाज खरखरीत झाला होता. "भिंत रुसेल की रे."

"गुरगुर गेली," धाकटा म्हणाला.

"कुणाची?"

बारक्याने उगाचच काठ्या आपटून मोजायला सुरुवात केली.

कार्यक्रम चालला. दादा बेताबेताने, खालच्या पट्टीत गात होता आणि लोकांना तेही आवडत होतं. शेवटी त्यांचं ठरलेलं गाणं आलं. त्याच्या अंतऱ्यात एक ओळ उंच चढते, आणि ती दोनदा घ्यायची असते. गेलं वर्षभर दादा त्या ओळीला माइक लोकांकडे धरायचा आणि हॉल गायचा. भिंतीकडे बघत धाकट्याला ते नुसतं ऐकू यायचं, आणि त्याला वाटायचं, दादाला टाळ्यांची हाव सुटली आहे.

आज त्याला दिसलं. ओळ जवळ आली तशा दादाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. त्याने डोळे मिटून घोट गिळला, तो गिळतानाही त्याला दुखलं. आज त्याला ती ओळ स्वतःच घ्यायची होती. त्याने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. माइक लोकांकडे करायचंही त्याला सुचलं नाही. त्याने फक्त धाकट्याकडे पाहिलं.

ती ओळ भरून काढायला कीबोर्डवाल्याचे हात उचलले गेले होते. धाकट्याने त्याला मानेनेच नको म्हटलं. मग खालचा ठेका सोडून त्याची बोटं वर सरकली आणि ती ओळ त्याने बेसवर घेतली. बारक्याने ड्रम हळू केला. बेसचा तो भरदार, संथ आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. दादाने माइक खाली धरला होता, पण शब्द त्याच्या ओठांवर होते. धाकटा त्या ओठांकडे बघत वाजवत होता. शब्द लांबला की तार धरून ठेवायचा, ओठ मिटले की सोडायचा.

ओळ संपली. दादाने बोट वर केलं, पुन्हा एकदा. धाकट्याने ती ओळ पुन्हा घेतली.