मयत बहिणीचा कलश

नांदे गावात जनार्दनानं बंगला बांधला तो लोकांचे डोळे दिपवायलाच. दारात दोन सिमेंटचे सिंह, संडासातसुद्धा झुंबर. बाप म्हसू जन्मभर टायरच्या वहाणा घालून मेंढरांमागं फिरला. लेकाच्या पायपुसण्यावर इंग्रजीत ‘वेलकम’.

जमीन बापाची. बाप गेल्यावर जनार्दनानं प्रतिज्ञापत्र केलं : मुलगी सुंदरा मयत, वारस मी एकटाच. मग जमीन बिल्डरला दिली. ही सुंदराआक्का माझी थोरली जाऊ. कागदाची नक्कल गेल्या आठवड्यात माझ्या हाती आली. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "कशानं मेले, ते लिवलंय का?"

ते लिहिलं नव्हतं.

वास्तुशांतीला मांडवभर पुढारी आणि पुढाऱ्यांमागं फिरणारे. आमच्यात पाण्याचा कलश घेऊन नव्या घरात आधी बहिणीनं शिरायचं असतं. जनार्दनाला हा मानपान व्हिडिओत हवा होता, त्यासाठी आक्काला मुद्दाम गाडी पाठवलेली; सोबत मीही गेले. कागदावर मारलेली बहीण शोभेला मात्र जिवंत लागत होती.

आक्कानं कलश घेतला आणि उंबऱ्याशी थांबली.

"चल की आक्का, मुहूर्त जातोय."

"कशी येऊ, जना? मेलेल्या बाईचा पाय नव्या घराला बाधतो रं."

जनार्दन कानाशी वाकला. "हितं तमाशा नको. पैठणी देतो तुला, भारीतली."

"मढ्याला पैठणी कशाला? कोरं कापड पुरतं."

"यजमान, थोडीच मिनिटं उरलीत," भटजी म्हणाले.

आक्का म्हणाली, "माईक घे. मी कोण, कुणाची लेक, जित्ती का मेली, ते सांग. मग बघू."

माईक दिसला की जनार्दनाला राहवत नाही. शिवाय समोर आमदारकीचे इच्छुक बसलेले. तो हसत हसत गरजला, "मंडळी, ही माझी सख्खी थोरली बहीण सुंदराआक्का! म्हसूबापूंची पयली लेक. जित्ती हाय, चांगली ठणठणीत हाय!"

ही यांच्यातली काहीतरी रीत असेल म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या बिल्डरनं वाजवल्या नाहीत.

"समदं आलं का रं बाळा?" आक्कानं व्हिडिओवाल्याला विचारलं.

"आलं की मावशी, आवाजासकट."

तिनं कलश भावजयीच्या, स्नेहलच्या हातात दिला. "तू ने बाई आत. तुझं घर हाय." आणि चालायला लागली. मी मागं. व्हिडिओवाल्याचा नंबर तेवढा घेतला.

बसमध्ये तिनं खिडकीशी जागा धरली. मग म्हणाली, "तोंड उतरलं व्हतं गं जनाचं. जेवला असंल का?"

"जेवंल की. इतकी वर्षं तुझ्या वाट्याचंच जेवतोय."

तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला, डोळे पुसले. कंडक्टर आला. मी घरची, पिरंगुटची तिकिटं मागणार, तर तीच पुढं झाली.

"दोन पौड," आक्का म्हणाली. "तालुक्याचं वकील तितं बसत्यात न्हवं?"