काकांची पन्नासावी ओळ

श्रेणिक तेरदाळेचा पहिला नंबर आला, आणि सव्वाबाराच्या सुमारास त्याचा डावा हात कोपरापासून काढून कोल्ड स्टोरेजमध्ये जमा करण्यात आला. पण हा निकाल तात्पुरता आहे, आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे तात्पुरता निकाल हा लागलेलाच नसतो. तेव्हा वर लिहिलंय तसं काहीही झालेलं नाही. श्रेणिक सकाळी नऊ वाजता दोन्ही हातांनी काकांचं खोकं धरून तासगाव रस्त्याला रिक्षातून उतरला, इथूनच सुरुवात केलेली बरी.

खोकं बेदाण्याचं होतं, पंधरा किलोचं. आत बाहुबली काका मांडी घालून बसले होते. काकांचं वजन अकरा किलो भरायचं, त्यामुळे थोडी जागा उरली होती आणि तिथे काकूंनी स्वेटर कोंबला होता. निघताना काकूंनी एवढंच सांगितलं होतं की येताना त्यांना उन्हातनं आणू नको.

काका पूर्वी बासष्ट किलोंचे होते. कॉम्प्युटरने वाळले. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. शहाऐंशी साली काकूंच्या भावाने दुबईहून एक घरगुती कॉम्प्युटर आणला. राखाडी रंगाचा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम चढवायचा. नवा होता तोवर ठीक होतं. पण ही मशिनं जुनी झाली की माणसाच्या हातातलं पाणी ओढायला लागतात. मशीन फुगतं, माणूस सुकतो. दरवर्षी स्पर्धा झाली की काकू काकांना पिंपात भिजत घालायच्या, आणि दरवर्षी ते जरा कमीच फुगून वर यायचे.

आता मशीन श्रेणिकच्या खांद्याला, रेक्झिनच्या पिशवीत होतं. चालताना आत काहीतरी डचमळायचं. श्रेणिकला त्याची शिसारी यायची. बटणं रबराची राहिली नव्हती. दाबली की कोमट आत जायची आणि सोडली की जिभेसारखी लवलवत वर यायची. स्पेसच्या लांब बटणावर लव उगवली होती, आणि काका ती महिन्यातून एकदा कात्रीने बारीक करायचे. हे काम ते जेवणाच्या टेबलावर करायचे.

दक्षिण महाराष्ट्र जुने गृहसंगणक वेगमापन मंडळ आपली वार्षिक चाचणी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये घेतं, कारण बाहेर ठेवली तर मशिनं नासतात. आत चार डिग्री, भिंतींना शेल्फं, शेल्फांवर खोकी आणि सगळ्यावर एक आंबटगोड वास. दाराशी श्रेणिकने रुमाल नाकाला लावला. खोक्यातून काका म्हणाले, “वास घे लेका. सवयीचा होऊ दे.”

चाचणी साधी होती. दोन ते हजार यांमधल्या मूळ संख्या मशीनने शोधून काढायच्या, म्हणजे ज्यांना एक आणि ती संख्या स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही त्या. त्या एकशे अडुसष्ट आहेत, यावर मंडळात बरीच वर्षं एकमत आहे. तीन फेऱ्या, त्यांतली उत्तम धरायची. सात मिनिटांच्या आत आली तर मशीन पास. लागोपाठ तीन वर्षं नापास झालं तर मशीन बाद, आणि बाद मशीन त्याच्या चालकासकट शेल्फावर जमा. चालक म्हणजे ज्याच्या पाण्यावर ते चालतं तो. हा नियम आल्यापासून काकांचं हे तिसरं वर्ष होतं, आणि आधीची दोन्ही नापास गेली होती.

आणखी एक नियम होता. फेरी चालू असताना चालक ज्या हाताने सही करतो तो हात त्याने मशीनवर ठेवायचा. एका वर्षी कुणीतरी निकालावर आधीच सही करून ठेवली होती, तेव्हापासून हे आलं.

मापनाधिकारी म्हणजे विजयमाला आवटी. कुपवाडच्या, पन्नाशीच्या, अंगात लोकरी जाकीट. स्टॉपवॉच त्या उजव्या गालात ठेवत, कारण तिथलं तापमान वर्षभर स्थिर असतं. फेरी सुरू करायची म्हणजे त्या जिभेने कळ दाबत. गालातून टिक ऐकू यायचं. फेरी संपली की दोन बोटांनी घड्याळ बाहेर काढत, वेळ वाचत, आणि घड्याळापासून ओठापर्यंत लाळेची एक तार लोंबत राही. ती तुटेपर्यंत निकाल अधिकृत धरत नसत.

शेजारच्या टेबलावर जयसिंगपूरचे उपाध्ये मास्तर बसले होते. त्यांच्या मशीनवर साय धरली होती. मास्तर चमच्याने साय बाजूला करत, दोन बटणं दाबत, तेवढ्यात पुन्हा धरे. काढलेली साय ते वाटीत जमवत होते. त्यांनी श्रेणिकला आपुलकीने विचारलं की थोडी घेणार का. श्रेणिकने सांगितलं की नाश्ता झालाय. मास्तर म्हणाले की माझाही झालाय, हीच खाल्ली.

श्रेणिकने काकांना उचलून टेबलावर ठेवलं आणि टेपरेकॉर्डर लावला. प्रोग्रॅम चढताना कुणीतरी छातीतला कफ सावकाश घशाशी आणतंय असा आवाज चार मिनिटं येत राहिला. मग पडदा उजळला. काकांनी आपला सुरकुतलेला उजवा हात बटणांवर ठेवला, आवटी बाईंच्या गालात टिक झालं.

पडद्यावर मोठ्या अक्षरात दोन आले. काका म्हणाले, “दोन.” मग तीन आले. काका म्हणाले, “तीन.” पाच. सात. प्रत्येक आकडा येऊन दोन सेकंद थांबे, काका तो मोठ्याने वाचत, मगच पुढचा. वाचताना काकांचा चेहरा निवांत व्हायचा आणि हात आणखी सुकायचा. मशीनच्या कडांना पाणी सुटलं. ते टेबलावरून ठिबकून श्रेणिकच्या बुटात गेलं. ते कोमट होतं, आणि ते काकांचं होतं, हे दोन्ही त्याला मोज्यातून कळत होतं.

पहिली फेरी अकरा मिनिटं बावन्न सेकंद. दुसरी अकरा चोपन्न. दुसरी संपली तेव्हा काकांचा हात वाळक्या चिंचेएवढा झाला होता आणि त्याने कुठलंच बटण दाबलं जात नव्हतं.

आवटी बाईंनी नियमावली पाहिली. तिसरी फेरी घरातल्या माणसाने चालवली तर चालते, असं त्या म्हणाल्या, आणि शेल्फाकडे नजर टाकून तिथे दोन खोक्यांच्या मध्ये एक जागा करून घेतली.

तेवढ्या वेळात श्रेणिकने प्रोग्रॅम पडद्यावर आणला. तो त्याने याआधी कधी वाचला नव्हता, कारण वाचायला बटणं दाबावी लागतात. बारा ओळी होत्या, दहा-दहाच्या अंतराने क्रमांक दिलेल्या. पन्नासाव्या क्रमांकाच्या ओळीत काकांनी मशीनला सांगितलं होतं की आकडा सापडला की तो पडद्यावर छाप, आणि माणसाला नीट वाचता यावा म्हणून दोन सेकंद थांब. एकशे अडुसष्ट आकडे, दोन-दोन सेकंद. साडेपाच मिनिटांहून जास्त. इतकी वर्षं मशीन मंद नव्हतंच. ते थांबून दाखवत होतं, आणि काका बघत वाळत होते.

श्रेणिकने काकांना समजावलं की मापनात मधे काही छापायचं नसतं, हे कुणीही सांगेल. शेवटी फक्त संपलं एवढं कळलं की पुरे. ही एक ओळ काढली की पास, आणि पास झालं की थेट घरी, पिंपात.

“दिसल्याबिगर निघालं कशावरनं म्हणायचं?” काका म्हणाले.

“मोजणाऱ्याला वेळ पाहिजे काका. आकडे कुणाला नकोत.”

“तुला नकोत. निघालेला आकडा कुठंतर जाणारच की. मी त्याला पडद्यावर जागा करून दिली. तू ती मोडलीस तर तो काय हवेत राहणार आहे?”

“जाऊ दे कुठंही.”

काकांनी वाळका हात मांडीवर घेतला. मग म्हणाले की तुझ्या काकूचंही असंच, सगळं लवकर. श्रेणिकने पन्नासावी ओळ पुसली. पुसताना मशीन आतून उचकी लागल्यासारखं हललं.

श्रेणिक डावखुरा होता. बाही खाली ओढून त्याने डावा हात बटणांवर ठेवला. बटणं त्याच्या तळव्याला चिकटली आणि चाखल्यासारखी हलू लागली. गालात टिक झालं.

पडदा काळा राहिला. काका काळ्या पडद्याकडे बघत होते, ओठ हलवत होते, पण वाचायला काही नव्हतं. साधारण दहाव्या सेकंदाला श्रेणिकच्या अंगठ्याच्या मुळाशी खाज सुटली. मग मनगटावर. मग बाहीच्या आत, एका ओळीत, शिस्तीत, कोपराच्या दिशेने. हात उचलला तर फेरी रद्द होते. त्याने काकांकडे पाहिलं आणि हात तसाच ठेवला. बाही फुगत चालली. आत काहीतरी एकमेकांवर घासून ओलसर कुरकुरत होतं. उपाध्ये मास्तरांनी साय खाणं थांबवलं.

आवटी बाईंनी घड्याळ बाहेर काढलं. “सहा मिनिटं सोळा,” त्या म्हणाल्या. तार लोंबली, लांबली, तुटली. पहिला नंबर. बाकीच्या टेबलांवर तोवर बुरशी आली होती.

श्रेणिकने काकांचं खोकं जवळ ओढलं. बाई म्हणाल्या, “आकडे कुठायत?”

त्याने बाही वर केली. हातावर फोड आले होते. हिरवट, पारदर्शक, ताणलेल्या सालीचे, द्राक्षांसारखे. अंगठ्यापाशी बारीक, कोपराकडे टपोरे. प्रत्येकात बी होती आणि प्रत्येक बी म्हणजे एक आकडा होता. कोपराजवळचा नऊशे सत्त्याण्णव तर स्वच्छ वाचता येत होता, आणि तो किंचित धडधडत होता. श्रेणिकला वाटलं की आता आपण ओकणार. पण थंडीमुळे ते होईना.

“काढा,” बाई म्हणाल्या. “निष्पत्ती मंडळाची असते.”

कोपराला आटे होते. ते इतकी वर्षं तिथेच असणार. बाईंनी बरणीचं झाकण फिरवावं तसा हात फिरवला, साडेतीन वेढ्यांत तो निघाला. दुखलं नाही. फक्त एक चिकट आवाज झाला, आणि तोच आवाज श्रेणिकला पुढे बरेच दिवस जेवताना आठवायचा.

मोजदाद प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच करायची असते. म्हणून हात काकांच्या खोक्यात, त्यांच्या मांडीवर आडवा ठेवण्यात आला. काका मोजायला बसले. बाई नोंदवहीत तारीख घालत होत्या, मास्तर वाटी पुसत होते. श्रेणिक तेवढा खोक्यात बघत होता. त्याला दिसलं की काकांनी अंगठ्यामागचा सगळ्यात पहिला, बारका फोड चिमटीत धरला, हलकेच पिळून काढला आणि तोंडात टाकला.

काका चावत राहिले. सावकाश, डोळे मिटून. ज्या बाजूला चावत होते तो गाल भरत गेला. सुरकुत्या एकेक करून उलगडल्या, खालून तुकतुकीत कातडी आली, तिच्यावर दाढीचे खुंट उगवले. तो गाल बासष्ट किलोंच्या माणसाचा होता. श्रेणिकने तो लहानपणी स्कूटरच्या आरशात पाहिला होता. काकांनी मान वळवली आणि तो गाल शेल्फाच्या बाजूला केला.

“किती?” बाईंनी विचारलं.

“एकशे सदुसष्ट,” काका म्हणाले. तोंडात अजून साल होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. एक कमी. मग निकाल तात्पुरता. उरलेला आकडा सापडेपर्यंत मशीन पासही नाही, बादही नाही, त्यामुळे मशीन, चालक आणि हात असे तिन्ही जिन्नस आहेत त्या स्थितीत इथेच राहतील. मग त्यांनी श्रेणिककडे पाहिलं. “तुम्ही इथेच उभे होतात. काही पडताना, सांडताना बघितलंत?”

श्रेणिकने खोक्यात पाहिलं. आपल्याच हाताकडे बघायची त्याला किळस वाटली. काका खाली मान घालून बसले होते आणि त्यांची चिमूट तीनच्या आकड्यावर तयार होती.

“नाही,” तो म्हणाला.

खोकं शेल्फावर गेलं. दार लावून घेताना आतून, अगदी हळू, काहीतरी फुटल्याचा आणि मग चावल्याचा आवाज आला.

घरी काकूंनी पिंप भरून ठेवलं होतं. श्रेणिकने सगळं सांगितलं. काकूंनी विचारलं की आता वजन किती आहे. मग त्यांनी पिंपावर झाकण ठेवलं आणि त्याला जेवायला वाढलं. वरणभात, एका हाताने खाता येईल असा. नंतर त्याने उजव्या हाताने, पहिलीतल्या पोराच्या अक्षरात, अर्ज लिहिला. तो मंडळाच्या खिडकीवर आजवर नऊ वेळा दिला आहे आणि सही नसल्याने नऊ वेळा परत आला आहे. तो असा:

प्रति, मा. मापनाधिकारी. विषय : जमा जिन्नस, शेल्फ क्र. १४. महोदया, वरील खोक्याचं वजन दर सोमवारी अर्जदारास कळवावं. वजन बासष्ट किलो भरेपर्यंत फेरमोजणी करू नये, खोकं लहान पडू लागल्यास मोठं द्यावं, आणि अर्जदाराचा डावा हात तोवर खोक्यातून हलवू नये. मात्र प्रस्तुत अर्जावर सही करण्यापुरता तो हात, त्यावर त्या दिवशी जे काही उरलं असेल त्यासह, अर्जदारास दहा मिनिटं मिळावा, ही नम्र विनंती.