उशीखालचं बिस्किट

भुकेल्या उंदराला बिस्किट शोधायला लावायचं, हा आमच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात सोपा प्रयोग. पिंजऱ्यातल्या भुशाखाली तुकडा पुरायचा आणि बाजूला बसून बघायचं. धडधाकट उंदीर हुंगत हुंगत जातो आणि उकरून काढतो. काही उंदीर मात्र जन्मतःच एका जनुकात खोट घेऊन येतात. तशीच खोट असलेली मुलं बोलण्यात, मिसळण्यात मागे पडतात, म्हणून हा अभ्यास. खोट असलेल्या उंदरांतले बरेचसे बिस्किटावरून चालत जातात आणि कोपऱ्यात अंग चाटत बसतात. मला ते हल्ली बघवत नाही.

कारण माझा गुंड्या अडीच वर्षांचा झाला तरी ‘आई’ म्हणत नव्हता. हाक मारली तरी ढिम्म! नवरा म्हणायचा, “अगं, मी पण उशिराच बोललो. आता बोलायचा थांबतो का?” आणि हसून मोकळा. मी डॉक्टरांचं नाव काढलं की तो चिडायचा, आणि खरं सांगते, तो चिडला की मला बरंच वाटायचं. चला, आज जायला नको!

शेवटी एका शनिवारी मी अक्कल गहाण टाकली. गुंड्याचं खाणं जरा लांबवलं, सोफ्यावरच्या एका उशीखाली त्याचं आवडतं दालचिनीचं बिस्किट लपवलं आणि जमिनीवर फतकल मारून बसले. याचं नाक चांगलं तर पोरगं चांगलं, असं ठरवूनच टाकलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आमच्या शास्त्रज्ञ बाई घसा कोरडा करून सांगतात. पण मला कुठे ऐकायचं होतं?

गुंड्या आला. खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत उभा राहिला. सोफ्याकडे ढुंकून बघेना.

“काय चाललंय?” नवरा दारात उभा. मी सांगितलं.

“तो काय तुझा उंदीर आहे?” तो ओरडलाच.

“जरा गप्प बस रे!” मी गुंड्यावरची नजर हलवली नाही.

तेवढ्यात गुंड्यानं नाक वर केलं. हुंगलं. गाडी टाकून माझ्याकडे आला, माझं मनगट धरून मला सोफ्यापाशी ओढत नेलं आणि माझा हात उशीवर ठेवला. बरोब्बर त्याच उशीवर.

“बघितलंस? कसलं नाक आहे पठ्ठ्याचं!” नवऱ्यानं टाळ्या पिटल्या. “उगाच जीव खातेस.” त्याचे डोळे भरून आले होते. म्हणजे हाही इतके दिवस घाबरलेलाच होता.

मी उशी उचलली. गुंड्यानं बिस्किट घेतलं. त्यानं बोट दाखवलं नाही, एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. कपाटाची मूठ फिरवावी तसा माझा हात वापरला आणि सोडून दिला. या वयाचं मूल काही हवं असलं की बोट दाखवतं, आईकडे बघतं. एवढं मला कधीचं कळत होतं. मी बघत नव्हते, एवढंच.

नवरा त्याला खांद्यावर घेऊन नाचत होता.

“फोन दे,” मी म्हटलं. “डॉक्टरांची वेळ घेते.”

तो थांबला.

“पण सापडलं ना गं त्याला?” अगदी हळू विचारलं त्यानं.

“सापडलं रे,” मी म्हटलं आणि फोनसाठी हात पुढे केला.