दोन केबिनींचं इंजिन

चारशे सतरा नंबरचं इंजिन बघून नवखी माणसं हसायची. ड्रायव्हरची केबिन बॉयलरच्या मधोमध, उंटावर खोगीर ठेवावं तशी. फायरमन पार मागे, डोक्यावर पत्र्याचा तुकडा आणि बाकी सगळं उघडं. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या खाणींचा कोळशाचा चुरा जाळायचा तर भट्टी खोलीएवढी रुंद लागते, मग तिथे ड्रायव्हरला जागा कुठली! दोघांच्या मध्ये तापलेलं लोखंड. बोलायची सोय म्हणजे एक दोरी आणि घंटी. एकदा वाजली की वाफ वाढव, दोनदा वाजली की गाडी थांबतेय.

पुढे बसायचा ग्विलिम प्रॉसर. वेल्स देशचा, वय अठ्ठावन्न. त्या लोकांचा गळा म्हणजे देवाची देणगी असते म्हणतात. वाटप चाललं होतं तेव्हा प्रॉसर बहुधा ड्यूटीवर असावा. चर्चच्या गायकवृंदातून त्याला दोनदा हात जोडून काढलं होतं. मग तो केबिनीत गायचा. मागे श्टेफान हुडाक, स्लोव्हाक, चाळिशीचा. हा फावड्यागणिक एक गोष्ट सांगायचा, ऐकायला कुणी असो वा नसो.

मी त्या दूधगाडीचा ब्रेकमन, डब्यांचे ब्रेक सांभाळणारा. कधी पुढे बसायचो, कधी मागे, त्यामुळे दोघांचे गुण मलाच ठाऊक. बारा वर्षांत त्यांचं एकदाही वाजलं नाही.

"हुडाकसारखा शांत माणूस नाही बघ," प्रॉसर म्हणायचा.

"प्रॉसरदादा म्हणजे साधुपुरुष," हुडाक म्हणायचा. "बारा वर्षांत कानाला त्रास नाही."

मी दोघांपुढे मान डोलवायचो. माझं काय जात होतं?

१९१३च्या वसंतात कंपनीने आमच्या दूधगाडीला नवंकोरं इंजिन दिलं. केबिन एकच, मागे, प्रशस्त. दोघं शेजारी शेजारी. हुडाकने आनंदाने प्रॉसरच्या पाठीवर थाप मारली. "आता कसं घरच्यासारखं वाटतंय, दादा!"

पहिल्या चढावर प्रॉसरने सूर लावला. हुडाकने फावडं टाकलं आणि धावत जाऊन वाफेचा काटा बघितला.

"काय फुटलं?"

"काही नाही. गातोय मी."

"मुद्दाम?"

प्रॉसर लालबुंद झाला. तेवढ्यात हुडाकने सासूच्या बकरीची गोष्ट काढली. बकरी कुंपण ओलांडून पाद्रीबुवांच्या परसात गेली, तिथून सासऱ्याच्या लहानपणात, तिथून पोलंडात. बत्तीस मैलांत काही ती घरी परतली नाही.

तिसऱ्या दिवशी प्रॉसर कानात कापूस घालून आला. तो बघून हुडाक मोठ्याने बोलू लागला. ते ऐकून प्रॉसर मोठ्याने गाऊ लागला. मी खिडकीबाहेर डोकं काढून बसलो; पाऊस होता, पण तो बरा.

शुक्रवारी फर्न हॉलो स्टेशनवर आमचे विभागाचे साहेब, मिस्टर लॅथ्रॉप, नवं इंजिन बघायला हॅट घालून उभे होते. सोबत दुधाचे चाळीस कॅन घेतलेले गवळी. गाडी आली ती त्यांच्या अंगावर वाफ सोडत, न थांबता, सरळ पुढे निघून गेली.

"स्टेशन!" मी ओरडलो.

"याला सांग!" दोघं एकमेकांकडे बोट दाखवून म्हणाले.

अर्धा मैल मागे आलो. साहेबांच्या हॅटवरून पाणी गळत होतं.

"प्रॉसर, हे काय चाललंय?"

"साहेब, हा माणूस बोलतो!"

"साहेब, हा माणूस गातो!" हुडाक म्हणाला. "तुम्ही एकदा ऐकाच."

"मूर्खपणा आहे हा. मी स्वतः येतो बरोबर," असं म्हणून साहेब वर चढले.

पुढचे बारा मैल मी विसरणार नाही. साहेबांसमोर आपलंच खरं करायचं म्हणून प्रॉसरने गळा साफ करून सहा कडव्यांचं भजन घेतलं. हुडाकने बकरी पुन्हा पहिल्यापासून सोडली. चौथ्या कडव्याला साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "हे रोज असं?"

"आज साहेबांसमोर जरा दबून आहेत," मी म्हटलं.

शेवटच्या स्टेशनवर साहेब उतरले, दोन मिनिटं खांब धरून उभे राहिले आणि म्हणाले, "चारशे सतरा कुठे आहे?"

"शेडमध्ये, साहेब."

"सोमवारी पेटवा. आणि या दोघांच्या मध्ये बॉयलर असल्याशिवाय गाडी हलवू नका."

त्यानंतर चारशे सतरा आणखी पाच वर्षं धावलं. भंगारात निघालं त्याच दिवशी प्रॉसरने निवृत्ती घेतली. दुसऱ्या कुठल्या इंजिनावर, दुसऱ्या कुणाबरोबर, त्याला काम करायचंच नव्हतं. युनियनच्या हॉलमध्ये निरोपाला पाव, सॉसेज आणि बिअर होती. हुडाक बोलायला उठला आणि पाऊण तास बसला नाही. लोक एकेक करून बिअरकडे सरकले. प्रॉसर मात्र पहिल्या रांगेत, हलला नाही, रुमालाने सारखे डोळे पुसत होता.

नंतर मी विचारलं, "दादा, एवढं काय म्हणाला तो?"

"कुणास ठाऊक! अर्ध्याहून अधिक स्लोव्हाकमध्ये होतं," प्रॉसर नाक शिंकरत म्हणाला. "पण बोलतो छान, नाही?"