मुझदलिफाचा हात

शाझली सरांनी मुझदलिफाला सोनोग्राफी शिकवली दोन आठवड्यांत, आणि ती दुसऱ्यांना कशी शिकवायची ते एका दुपारात. युद्धामुळे रिकाम्या होत चाललेल्या कोस्ती शहरात मशीन वाचणारे ते एकटेच उरले होते, अन् त्यांनाही निघायचं होतं. जाताना बजावून गेले, की शिकणाऱ्याच्या हाताला हात लावायचा नाही, तोंडानं सांगायचं. मेडिकलच्या चौथ्या वर्षाची पोर ती, हो हो म्हणाली. पण समोरच्याचा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा मशीनचा दांडा, भलतीकडे निघाला की हिचा जीव खालीवर व्हायचा आणि हात आपसूक त्याच्या हातावर जायचा. चित्र लगेच दिसायचं. शिकणारे खूश, हीही खूश. युद्धात चुकत बसायला वेळ कुणाकडे असतो?

सगळ्यांत आधी तयार झाली ती हुस्ना, तिची वर्गमैत्रीण. नदीपलीकडच्या शाळेत दवाखाना उघडला होता, तिथे तिला धाडलं. सर्जन एक, ऑपरेशनचं टेबल एक.

सोमवारी सकाळी हुस्नाचा फोन आला. ट्रक उलटला होता. सित्तना नावाच्या बाईचं पोट दुखत होतं आणि एका माणसाची मांडी फाटली होती. पोटात रक्त असेल तर बाई आधी, नाहीतर माणूस, असं सर्जननं सांगितलं होतं. फोटो जाण्याइतकं नेट नव्हतं.

मुझदलिफानं एकेक विचारलं. यकृत दिसतंय? दिसतंय. मूत्रपिंड? तेही. दोन्हींच्या मधे रक्ताची काळी रेघ?

“नाही गं. आपण एकमेकींच्या पोटात बघायचो ना, अगदी तसंच आहे.”

“मग स्वच्छ आहे,” मुझदलिफा म्हणाली.

फोन ठेवला आणि तिचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे गेलं. बोलताना तो टेबलावर प्रोब धरल्यासारखा टेकला होता. आता तो आपणहून दोन बोटं खाली सरकला, यकृताच्या टोकाशी. रक्त आधी साठतं ते तिथेच. शिकवताना ती न चुकता तिथे जायची, पण आपल्या हातानं, दुसऱ्याचा हात ओढून. तोंडानं एकदाही सांगितलं नव्हतं. हुस्ना बिचारी तिथे कशी जाणार?

तिनं झटकन फोन उचलला. फोन लावला, लागेना. गच्चीवर जाऊन लावला. चहावालीचा फोन मागून घेतला. अल्ला, एकदा लागू दे, एकदाच, म्हणत ती उन्हात येरझारा घालत राहिली. तासाभरानं लागला.

“हुस्ना, टोकाशी बघ. दोन बोटं खाली.”



“सित्तना आत्ताच गेली,” हुस्ना म्हणाली. “माणूस अजून टेबलावर आहे. मुझदलिफा, हे खाली सरकणं तू मला कधी शिकवलंस?”



दुपारच्या वर्गाला शिकणारी उरलेली तिघं आली. चौकीदार नेहमीसारखा त्यांच्या सरावासाठी सदरा वर करून आडवा झाला. त्यांतल्या इख्लासनं त्याच्या बरगड्यांवर प्रोब टेकवला आणि थांबली. पडद्यावर नुसतं राखाडी. यकृत शोध, मुझदलिफानं सांगितलं. इख्लासचा हात हलेना.

“माझा हात धर ना,” इख्लास म्हणाली.

“तुझं तू शोध,” मुझदलिफा म्हणाली.

इख्लासनं प्रोब शेजारच्याकडे दिला, त्यानं पुढच्याकडे. प्रत्येकानं तो ठेवला, हात सैल सोडला आणि मुझदलिफाकडे पाहिलं. तिघांना नदीपलीकडच्या दवाखान्यात नेणारी गाडी गुरुवारी निघणार होती.